‘चीप’ म्हणजे स्वस्त, पण कुठे? नव्याने इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी

कॉलेजात असताना दिवाळीच्या हंगामात मी कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या एका दुकानात हाताखाली काम करत होतो. एका दुपारी एक परदेशी जोडपं आलं. बाईंनी कापशी चपलांचा जोड हातात घेतला, वेणीवरून बोट फिरवलं, चामड्याचा वास घेतला आणि किंमत विचारली. मी आकडा सांगितला आणि उत्साहानं पुढं जोडलं, ‘मॅडम, व्हेरी चीप चप्पल.’ त्यांनी जोड उलटा करून तळ पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, जोड जागेवर ठेवला आणि ‘थँक यू’ म्हणून दोघं निघून गेले.

मागं बसून वादी ओवणारे मामा म्हणाले, ‘आरं, बाईनं जोड चांगला हातात धरला हुता की. काय बोललास तिला?’

‘स्वस्त आहे म्हणालो, मामा.’

‘मग स्वस्त म्हटल्यावर कोण जोड ठिऊन जातंय व्हय?’

त्या जोडाचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं होतं आणि वेणी मामांनी स्वतः घातली होती. मी त्याला भर दुकानात ‘हलक्या प्रतीचा माल’ म्हणून बसलो होतो, आणि ते मला कळलंही नव्हतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते फार पुढं, इंग्रजी शिकवायला लागल्यावर. दुकानात उभी राहणारी मुलं, रिक्षावाले, लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्या मुली, परगावी नोकरीला निघालेले पदवीधर असे सगळे माझ्याकडं येतात आणि जवळजवळ सगळ्यांचा पाय याच शब्दावर घसरतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पायरी पहिली: आधी कान

शब्द आहे चीप. स्पेलिंग सी, एच, ई, ए, पी. यातली ‘ई’ लांबवायची. ऱ्हस्व केली की तो ‘चिप’ होतो, म्हणजे बटाट्याची चकती किंवा कॉम्प्युटरमधली चकती. ‘च’ चिमणीतला, चाकातला नव्हे. मराठीत ‘ई’च्या आधीचा ‘च’ आपोआप चिमणीसारखाच उच्चारला जातो, त्यामुळे ती बाजू आपल्याला सोपी आहे. लक्ष फक्त ईकाराच्या लांबीवर ठेवा. कोंबडीच्या पिल्लाच्या चिवचिवाटालाही इंग्रजीत चीपच म्हणतात, पण त्याचं स्पेलिंग डबल ई आणि त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. मी मुलांना पिल्लाचा आवाज काढायला लावतो. लांबी बरोबर येते.

पायरी दुसरी: मराठीत आलेला ‘चीप’ बाजूला ठेवा

गोंधळ सुरू होतो तो इथं. ‘चीप’ आपण मराठीतही वापरतो, पण त्याचा अर्धाच अर्थ आपण उचलला आहे. रंकाळ्यावर भेळ खाताना एक मैत्रीण दुसरीला म्हणते, ‘किती चीप बोलतोय गं तो!’ यात पैशाचा संबंध नाही. थिल्लर, हलकं, शोभत नाही असं, एवढंच तिला म्हणायचं असतं. भाजी स्वस्त मिळाली तर ‘कपिलतीर्थाच्या मंडईत मेथी चीप आहे’ असं कोणी म्हणत नाही. तिथं आपला ‘स्वस्त’ आहे.

म्हणजे मराठीत चीप माणसाच्या वागण्याला लागतो आणि स्वस्त वस्तूला. मग आपण इंग्रजी बोलायला जातो, शब्दकोशात ‘चीप म्हणजे स्वस्त’ असं वाचतो आणि आपल्या ‘स्वस्त’ची सगळी कामं चीपवर टाकतो. इंग्रजीत मात्र त्या एकाच शब्दात दोन्ही अर्थ राहतात, आणि समोरचा त्यातला कोणता ऐकेल हे आपल्या वाक्यावर ठरतं. माझ्या वाक्यात बाईंना दुसरा ऐकू आला.

पायरी तिसरी: शब्द कुठून आला ते एकदा समजून घ्या

व्युत्पत्ती म्हणजे परीक्षेपुरती गोष्ट, असं मानू नका. या शब्दाची कुळकथा कळली की त्याचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत, आणि कोल्हापूरच्या माणसाला तर ती पटकन कळते, कारण ती बाजारपेठेची कथा आहे.

लॅटिनमध्ये ‘काउपो’ म्हणजे छोटा दुकानदार, खाणावळ किंवा दारूचं दुकान चालवणारा. रोमन व्यापाऱ्यांशी संबंध आला तेव्हा जर्मानिक भाषा (इंग्रजी, जर्मन, डॅनिश यांचं कूळ) बोलणाऱ्या टोळ्यांनी हा शब्द उचलला आणि त्याचं क्रियापद केलं: खरेदी-विक्री करणं. जर्मनमध्ये विकत घेणं म्हणजे आजही ‘काउफेन’. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. त्यातला ‘कोपन’ याच घराण्यातला.

जुन्या इंग्रजीत याचं रूप होतं ‘चेआप’. ते विशेषण नव्हतं, नाम होतं, आणि त्याचा अर्थ व्यवहार, देवाणघेवाण, बाजार. आपल्याकडे मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे होतात, त्यातला ‘सौदा’ म्हणजे जवळजवळ तोच शब्द. जुन्या इंग्रजीत ‘चेआप’चा आणखी एक अर्थ होता, गुरंढोरं. ज्या काळात गोठा हीच तिजोरी होती त्या काळात हे साहजिकच. आपणही पशुधन म्हणतोच.

लंडनमध्ये चीपसाइड नावाचा रस्ता आहे. नाव ऐकून आमच्या वर्गात एकानं विचारलं होतं, ‘सर, तिथं स्वस्त मिळतंय काय?’ तसं नाही. चीपसाइड म्हणजे बाजाराची बाजू. मध्ययुगात ती लंडनची मुख्य पेठ होती आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांना तिथं विकल्या जाणाऱ्या मालाची नावं पडली: ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, कोंबड्यांची पोल्ट्री. आपल्याकडं सोन्याची गुजरी, चपलांची चप्पल लाईन आणि गंगावेशीचा दूध कट्टा. मिल्क स्ट्रीट आणि दूध कट्टा ही नावं शेजारी शेजारी ठेवली की मला फार बरं वाटतं. दूध विकायला माणसं एका जागी जमतात आणि जागेला दुधाचं नाव पडतं, टेम्सच्या काठी काय आणि पंचगंगेच्या काठी काय.

इंग्लंडात चिपिंग नॉर्टन नावाचं गाव आहे. चिपिंग म्हणजे पेठ, ‘चेआप’चंच भावंड. नॉर्टन म्हणजे उत्तरेकडचं गाव. आता आपल्या हातकणंगले तालुक्यातलं पेठ वडगाव घ्या. रचना अगदी तीच: पुढं पेठ, मागं गावाचं नाव. बाजार भरला की गावाच्या नावाला बाजार चिकटतो. आणि जिथं गाव नव्हतं तिथं पेठेनंच वसाहत उभी केली. शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवली आणि गुळाच्या व्यापारानं ती नावारूपाला आली.

चॅपमन हे आडनाव क्रिकेटमुळे ओळखीचं असेल. त्यातला ‘चॅप’ही हाच, चॅपमन म्हणजे सौदा करणारा माणूस, आपल्याकडच्या वाणी आडनावासारखं. पुढं चॅपमनचा ‘चॅप’ झाला, त्याचा अर्थ आधी गिऱ्हाईक आणि मग नुसताच ‘गडी’. ‘ही इज अ गुड चॅप’ म्हणताना आज कुणाला बाजार आठवत नाही.

मग ‘बाजार’चा ‘स्वस्त’ कसा झाला? मध्ययुगीन इंग्रजीत ‘गुड चीप’ असं म्हणत. चांगल्या सौद्यात, चांगल्या भावात. हळूहळू ‘गुड’ गळून पडलं आणि त्याचा अर्थ एकट्या चीपवर आला. साधारण सोळाव्या शतकात चीप हे सरळ विशेषण होऊन बसलं. हे विचित्र वाटत असेल तर आपलं एक वाक्य आठवा: ‘यंदा गुळाला भाव मिळाला.’ भाव तर दरवर्षी काहीतरी मिळतोच. पण या वाक्यात ‘भाव’ म्हणजे ‘चांगला भाव’, आणि तो ‘चांगला’ न बोलताच सगळ्यांना ऐकू येतो. फरक एवढाच की आपला भाव विकणाऱ्याच्या तोंडून आला म्हणून तो चढा, आणि इंग्रजांचा चीप घेणाऱ्याच्या तोंडून आला म्हणून तो उतरता.

पुढची पायरी गाठायला चीपला शंभर वर्षंही लागली नाहीत. जे कमी पैशात मिळतं त्याची किंमत मनातही कमी होते. म्हणून चीप म्हणजे कमी प्रतीचं, आणि तिथून वागण्याला लागला की कमी लायकीचं.

पायरी चौथी: आजीला ‘सवंग’ विचारा

इथं माझ्या वर्गात नेहमी एक हात वर होतो: ‘पैशाचा शब्द चारित्र्याला कसा काय लागतो?’ याचं उत्तर मराठीतच आहे.

आज आपण सवंग लोकप्रियता म्हणतो, सवंग विनोद म्हणतो. सवंग ऐकला की थिल्लरपणा आठवतो. पण सवंगचा मूळ अर्थ निव्वळ स्वस्त. संस्कृत ‘अर्घ’ म्हणजे मोल. ‘महार्घ’ म्हणजे फार मोलाचं, त्याचा झाला महाग. ‘समर्घ’ म्हणजे बेताच्या मोलाचं, त्याचा झाला सवंग. महागाईच्या उलट सवंगाई. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘धान्य सवंग झालं’ असं वाक्य सहज यायचं आणि त्यात धान्याची निंदा नव्हती. मग बाजारातली जागा ‘स्वस्त’नं घेतली आणि सवंगकडं फक्त निंदेचं काम उरलं.

म्हणजे चीप जिथं पोचला तिथंच सवंगही पोचला, तोही बाजारातूनच निघून. फरक असा की सवंगनं बाजार सोडला आणि चीपनं सोडला नाही. नवशिक्यानं एवढी एक गोष्ट घट्ट धरली तरी पुष्कळ झालं: चीप म्हणजे एकाच कातड्यात राहणारे स्वस्त आणि सवंग. बोलण्याआधी मनात दोन्ही घालून बघा. मी ‘व्हेरी चीप चप्पल’ म्हणालो, बाईंना ‘फार सवंग चप्पल’ ऐकू आलं.

जाता जाता महागच्या बाजूचं सांगतो. इंग्रजी ‘डिअर’ म्हणजे प्रिय, पत्राच्या मायन्यातला. पण डिअर म्हणजे महागसुद्धा. विश्वास बसत नसेल तर घरातल्या सरकारी नोकराची पगाराची पावती बघा: डीए, म्हणजे डिअरनेस अलाउन्स, महागाई भत्ता. प्रियतेचा भत्ता कुठलंच सरकार देत नाही.

पायरी पाचवी: आधी बघा, प्रत आहे का

आता प्रत्यक्ष वापर. ज्या गोष्टीला बरी-वाईट प्रत नसते, तिला चीप बिनधास्त लावा. रेल्वेचं तिकीट, मोबाइलचा डेटा, वीज, कर्ज. ‘द टिकेट्स वेअर चीप’ यात तिकिटाचा अपमान होत नाही, कारण तिकीट भारी काय आणि हलकं काय, गाडी तीच. बँका कमी व्याजानं कर्ज देत असतील तर त्याला ‘चीप मनी’ म्हणतात आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकातही तो शब्द येतो. ‘टोमॅटोज आर चीप धिस वीक’ हेही चालतं. ऐकणाऱ्याला माहीत असतं की आवक वाढली आहे.

ज्या गोष्टीला प्रत असते, तिथं थांबा. चप्पल, साडी, दागिना, घड्याळ, फर्निचर, हॉटेल. इथं चीप म्हटलं की ऐकणारा प्रतीकडं बघतो. ‘अ चीप साडी’ म्हणजे दोन धुण्यांत विटणारी. त्यातही चीप नामाच्या आधी चिकटून आला तर निंदेकडं जास्त झुकतो आणि वाक्याच्या शेवटी आला तर किमतीकडं. ‘धिस इज अ चीप वॉच’ यात घड्याळ भिकार. ‘धिस वॉच वॉज चीप’ यात घड्याळ बरंही असू शकतं, मला कमी पैशात मिळालं. हा नियम दगडावरची रेघ नव्हे, पण बहुतेक वेळा वाचवतो.

आणि माणूस असेल तर शब्द तोंडात येऊच देऊ नका. अमेरिकेत ‘ही इज चीप’ म्हणजे तो चिंगूस आहे, हॉटेलात बिल यायच्या वेळी हात धुवायला जाणारा. भारतात तेच वाक्य म्हणजे त्याची लायकी काढणं. बाईबद्दल म्हटलं तर थेट चारित्र्यावर जातं आणि ते कुठल्याही देशात अपमानाचंच आहे. ‘चीप लेबर’ हा शब्द वर्तमानपत्रात येतो, पण कामावर आलेल्या माणसासमोर तो उच्चारणं मला तरी सहन होत नाही. मजुरी कमी असते, मजूर स्वस्त नसतो. ‘लो-पेड वर्कर्स’ म्हणा. त्यात खरं तेच येतं आणि दोष पगारावर राहतो.

एक सवलत आहे. ‘चीपर’, म्हणजे तुलनेचं रूप, जवळजवळ नेहमी फक्त पैशाबद्दल बोलतं. ‘इट इज चीपर हिअर दॅन इन पुणे’ यात कोल्हापूरच्या मालाला कमीपणा येत नाही. गिऱ्हाईक म्हणून ‘डू यू हॅव एनिथिंग चीपर?’ विचारणंही सभ्य आहे. अडचण आली की तुलनेवर जा.

पायरी सहावी: व्याकरणाचे खड्डे

‘मोर चीप’ नाही, चीपर. ‘मोर चीपर’ तर नाहीच. सगळ्यात स्वस्त, चीपेस्ट.

‘द प्राइस इज चीप’ हे कानावर येतं, पण ते टाळलेलं बरं. वस्तू चीप असते, किंमत ‘लो’ असते. आपल्यालाही हा फरक ठाऊक आहे: साखर स्वस्त आणि भाव उतरला. ‘किंमत स्वस्त आहे’ हे वाक्य मराठीतही खटकतं. जे मराठीत खटकतं ते इंग्रजीत करू नका.

‘आय बॉट इट चीप’ आणि ‘चीपली’ यांत फार गुंतू नका. विकत घेणं-देणं यांच्यासोबत चीप नुसता चालतो. बांधणं, बनवणं, सजवणं असेल तर चीपली. ‘चीपली मेड’ म्हणजे पुन्हा हलक्या हातानं, हलक्या मालानं बनवलेलं, हे लक्षात असू द्या.

चीपच्या पुढं ‘टू’ येतो तेव्हा खर्चाची गोष्ट असते: ‘चीप टू रन’, वापरायला स्वस्त, मोपेडबद्दल म्हणतात तसं. ‘चीप फॉर’ म्हणजे अमुक गोष्टीच्या मानानं: ‘चीप फॉर लेदर’, चामड्याच्या मानानं स्वस्त. हे वाक्य मला आवडतं, कारण त्यात चामड्याचा मान राखला जातो.

पायरी सातवी: चीपऐवजी काय म्हणायचं

विकणाऱ्याला या पायरीची सगळ्यात जास्त गरज आहे.

‘इनएक्सपेन्सिव्ह’ म्हणजे महाग नसलेलं. यात किंमत कमी आहे एवढंच कळतं, प्रतीला धक्का लागत नाही. उच्चार जरा लांब आहे, पण दहादा म्हणा, बसतो.

‘रीझनेबल’ म्हणजे वाजवी, रास्त. रास्त भाव दुकानातला रास्त. हा किमतीला लागतो: ‘द प्राइस इज रीझनेबल.’ यात विकणाऱ्याचाही मान राहतो आणि घेणाऱ्याचाही. मला विचाराल तर कोल्हापूरच्या दुकानदारानं एकच शब्द शिकायचा असेल तर हा शिकावा.

‘अफोर्डेबल’ म्हणजे परवडणारं. इथं एक जपून पाऊल. परवडणं हे वस्तूवर नाही, घेणाऱ्याच्या खिशावर ठरतं. गिऱ्हाइकाला ‘धिस इज अफोर्डेबल फॉर यू’ म्हटलं तर आपण त्याचा खिसा मोजल्यासारखं होतं. घरांबद्दल, औषधांबद्दल, सगळ्या समाजाबद्दल बोलताना हा शब्द चांगला. काउंटरवर नको.

‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचं, वापरताना खर्च वाचवणारं. गाडी, शेगडी, पंप. याच्या शेपटीतलं ‘अल’ विसरलात तर ‘इकॉनॉमिक’ होतं, म्हणजे आर्थिक, आणि वाक्य भलतीकडं जातं.

लॉजवाल्यांसाठी आणि रिक्षावाल्यांसाठी ‘बजेट’. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला पाहुणा स्वतः ‘चीप लॉज’ विचारेल. त्यानं विचारलं म्हणून उत्तरात तोच शब्द परत देऊ नका. ‘देअर इज अ क्लीन बजेट लॉज निअर द टेम्पल’ म्हणा. क्लीन हा शब्द पुढं ठेवला की त्याची अर्धी काळजी मिटते.

आणि ‘गुड व्हॅल्यू’. पैसा वसूल. वस्तू स्वस्त नसेल तरी चालतं, दिलेल्या पैशाचं चीज होतं एवढंच यात येतं. हाती बनवलेल्या मालासाठी याच्याइतका नेमका शब्द नाही.

पायरी आठवी: आता दुकानात उभं राहू

तोच जोड, तीच बाई, पुन्हा एकदा. तिनं किंमत विचारली. आकडा सांगा आणि लगेच स्वस्त-महाग काही म्हणू नका. आधी वस्तूबद्दल बोला.

‘इट इज हँडमेड. द लेदर इज टॅन्ड विथ ट्री बार्क. इट विल लास्ट फॉर इयर्स.’

हाती बनवलेला आहे, चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं आहे, वर्षानुवर्षं टिकेल. तीन छोटी वाक्यं, तिन्ही खरी. मग तिनं किमतीबद्दल तोंड वाकडं केलं तर: ‘फॉर हँडमेड लेदर, द प्राइस इज व्हेरी रीझनेबल.’ आणि खरोखरच कमी किमतीचा दुसरा जोड दाखवायचा असेल तर: ‘धिस वन इज चीपर. द लेदर इज थिनर.’ इथं चीपर चालतो, कारण स्वस्त का आहे याचं कारण तुम्ही लगेच सांगितलंत.

हे मी चपलेवरून इतकं का सांगतो तेही सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये अगदी कोल्हापुरीसारखी पायताणं दिसली आणि सुरुवातीला तिच्या मुळाचा उल्लेखही नव्हता. त्याच घाटाची वस्तू तिकडं चैनीची म्हणून मिरवली जाते आणि इकडं आपणच गिऱ्हाइकासमोर तिला चीप म्हणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कमी किमतीत देतो हे सांगायला हरकत नाही. फक्त त्यासाठी मामांच्या हाताला कमी लेखणारा शब्द नको.

पायरी नववी: काही ठरलेले प्रयोग

‘डर्ट चीप’ म्हणजे मातीच्या भावात. आपलं मातीमोल आहेच, पण दोन्ही एकमेकांच्या जागी घालू नका. ‘डर्ट चीप’ म्हणताना घेणारा खुशीत असतो. ‘कांदा मातीमोल गेला’ म्हणताना आपण शेतकऱ्याच्या बाजूला उभे असतो. ओळख एक, सूर अगदी उलटे.

‘टॉक इज चीप’ म्हणजे बोलायला काय जातंय, करून दाखव. ‘ऑन द चीप’ म्हणजे पैसे वाचवायला कसंतरी उरकलेलं, रस्त्याच्या ठेकेदाराबद्दल वापरायला सोयीचं. ‘चीप अँड चिअरफुल’ ही इंग्लंडची देण: साधं, स्वस्त, पण छान. तिथं चीप असूनही कौतुक आहे. ‘चीपस्केट’ म्हणजे चिंगूस माणूस. ‘चीप शॉट’ खेळातून आला. शिट्टी झाल्यावर, समोरचा बेसावध असताना मारलेला फटका. तालमीत वाढलेल्या पोराला याचा अर्थ समजावावा लागत नाही. वादात कुणी मुद्दा सोडून आई-वडिलांवर घसरला तर तोही चीप शॉटच.

पायरी दहावी: आठवडाभराचा सराव

वही घेऊन संध्याकाळी महाद्वार रोडनं चालत निघा. दुकानांत दिसणाऱ्या दहा वस्तू लिहा आणि प्रत्येकीपुढं फक्त एक खूण करा, प्रत आहे की नाही. बांगड्या, कंगवा, पैठणी, पाण्याची बाटली, मोबाइलचं रिचार्ज. घरी येऊन प्रत नसलेल्यांना चीप लावून वाक्यं करा, प्रत असलेल्यांना वरच्या शब्दांपैकी एक. दुसऱ्या दिवशी गुजरीत जा. तिथं चीप वापरता येईल अशी एक तरी वस्तू सापडते का बघा. मला अजून सापडलेली नाही.

तिसऱ्या दिवशी मित्राबरोबर गिऱ्हाईक आणि दुकानदार व्हा. नियम एकच: दुकानदारानं चीप म्हणायचं नाही, गिऱ्हाइकानं फक्त चीपर म्हणायचं. पाच मिनिटं टिकून दाखवा.

शेवटी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा आणि विचारा, ‘आजी, सवंग म्हणजे काय गं?’ कदाचित ती म्हणेल, ‘आमच्या येळला समदं सवंग हुतं बघ.’ मग ते वाक्य इंग्रजीत लिहून बघा: ‘इन अवर डेज, एव्हरीथिंग वॉज चीप.’ ते मोठ्यानं वाचा, आजीला काय म्हणायचं होतं ते आठवा, आणि ‘चीप’ खोडून तिथं कोणता शब्द बसतो ते तुम्हीच ठरवा.